पंधरा ऑगस्टची पांढरी साडी

पंधरा ऑगस्टला आमच्या गावच्या घरी जो कार्यक्रम व्हायचा तो मी सुरू केला. गावानं नाही, पंचायतीनं नाही, मायनंही नाही. एवढ्याशा घरानं केवढी परंपरा चालवली, असं लोक म्हणायचे आणि मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो. मान खाली घातली की माणूस नम्र दिसतो.

माझा मोठा भाऊ सैन्यात ड्रायव्हर होता. डोंगरातल्या रस्त्यावर रेशनची गाडी दरीत गेली आणि तो गेला. मागे वहिनी, आणि जेमतेम चालायला लागलेली पुतणी. बाबा आधीच गेले होते. गाव दर्यापूरपासून आत, चिखलाच्या दिवसांत गाडी येईल की नाही याचा भरवसा नसलेलं. पण त्या दिवशी कुठून कुठून माणसं आली. मी इतकी माणसं आमच्या दारात पहिल्यांदा पाहिली, आणि खरं सांगायचं तर त्या रडारडीतही ती माझ्या लक्षात राहिली.

तेरवी झाली. पाहुणे अजून पांगले नव्हते. मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, बाजेवर बसल्या बसल्या विषय काढला.

"धाकटा बिनलग्नाचाच आहे. पाट लावून टाका. लेकरू घरातल्या घरात राह्यते."

आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होतं. त्याला पाट लावणं म्हणतात, आणि धाकट्या दिराशीही तो लागतो. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मायनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी नुकताच अकोल्यात एका कॉलेजच्या ऑफिसात लागलो होतो, आणि आज जी माझी बायको आहे तिच्याशी माझं ठरल्यासारखं होतं. मोठेबाबांसमोर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. बैलांना पाणी दाखवतो म्हणून उठून गेलो.

पाण्यासाठी बैल कशाला थांबतात. ते माझ्या आधीच पिऊन आले होते.

त्या पावसाळ्यात मी सरपंचाला भेटलो. म्हटलं, झेंडावंदन झालं की शाळेची प्रभातफेरी आमच्या दारावरून न्या. ओसरीवर भावाचा वर्दीतला फोटो मांडू, वहिनी ओवाळेल, मी दोन शब्द बोलीन, पोरांना जिलेबी देऊ. सरपंचाला आनंदच झाला. मी अकोल्याहून एक पांढरी सुती साडी आणली, काठाला बारीक केशरी आणि हिरवी रेघ असलेली. वहिनी घरात रंगीत पातळंच नेसायची, मायची त्याला काही हरकत नव्हती. पांढरी साडी ही निव्वळ माझी कल्पना. मी मायला म्हटलं, शोभेल त्या दिवसाला.

शोभली. शाळाभर पोरं 'अमर रहे' ओरडत होती आणि वहिनी त्या साडीत, हातात तबक घेऊन, फोटोशेजारी उभी होती. मोठेबाबा उपरण्यानं डोळे पुसत होते. "हे आता साधी बाई नाई राह्यली," ते म्हणाले. पाटाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मला जे पाहिजे होतं ते जिलेबीच्या दोन परातींत झालं. पुढच्या वैशाखात माझं लग्न लागलं.

आमच्याकडे एखादी गोष्ट परंपरा व्हायला फार काळ लागत नाही. दुसऱ्या वर्षी लोक आपणहून आले. तिसऱ्या वर्षी विचारायला लागले, औंदा जिलेबी कोणाकडून आणली. मग मंडप आला, मग माईक. दरवर्षी नवी पांढरी साडी मीच नेत होतो. ओवाळून झालं की आळीतल्या बायकांना हळदीकुंकू व्हायचं. कुंकवाचा करंडा वहिनीच्या समोरून पुढे जायचा, तिच्याजवळ न थांबता. जिच्यासाठी सगळं मांडलं असं मी माईकवर सांगायचो, तिला तेवढं वगळून बाकी सगळ्या आळीला कुंकू. हे मी दरवर्षी पाहायचो. कोणीच काही म्हणायचं नाही, मग मी कशाला म्हणू.

आणि माझं भाषण. पहिल्या वर्षी मी जे झालं ते सांगितलं होतं: गाडी, वळण, दरी. दुसऱ्या वर्षी मागून गोळीबाराचा आवाज आला. पुढे पुढे शत्रू जवळ येत गेला. लोकांचे चेहरे पाहिले की आपोआप यायचा. एका वर्षी मी माईक ठेवून खाली उतरलो तर वहिनी तबकातली वात विझवत हळूच म्हणाली, "भाऊजी, औंदा गोळी लागली वाटते त्यायले. मागच्या साली त नुसता आवाजच आल्ता."

मी हसलो नाही. तीही हसली नव्हती.

पुतणी शाळेत जायच्या वयाची झाली तसं वहिनीनं गाव सोडलं. अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळायची नोकरी धरली. माय म्हणाली, जा, पण पंधरा ऑगस्टले येत जाय. वहिनी येत गेली. आदल्या संध्याकाळी दर्यापूरच्या जीपमधून उतरायची, सकाळी साडी नेसायची, उभी राहायची, दुपारी साडी बाजेवर घडी करून ठेवायची आणि निघून जायची. त्या घड्या मायच्या पेटीत साठत गेल्या. तिनं एकही अमरावतीला नेली नाही.

आता जी गोष्ट सांगतो ती मी कोणाला सांगितली नव्हती.

वहिनीचं माहेर बार्शीटाकळीचं. पुतणी तिसरी-चौथीत असेल, तेव्हा वहिनीच्या भावानं तिच्यासाठी एक स्थळ पाहिलं. चांगलं होतं. माणूस शांत, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, लेकराला सांभाळीन म्हणत होता. वहिनी तयार होती. तिच्या भावानं मला फोन केला, कारण या घरचा पुरुष मी. म्हणाला, मंडळी मायले भेटायले येतो म्हणतात, रीतीप्रमाणं झालेलं बरं, कोणता दिवस सांगू?

मी म्हणालो, "पंधरा ऑगस्टला आणा. सगळे घरीच सापडतात."

तो भोळा माणूस. बरं म्हणाला.

ते आले. मुलगा आणि त्याचे वडील. दारात मंडप, पोरांची रांग, ओसरीवर पांढऱ्या साडीतली वहिनी. तिला कोण येणार ते ठाऊक होतं, याच दिवशी येणार हे ठाऊक नव्हतं. तबक हातात असताना तिची नजर गर्दीत त्यांच्यावर पडली. मी माईकवरून त्या वर्षी जास्तच बोललो. म्हटलं, ही माउली या घरचीच नाही, अख्ख्या गावची आहे. टाळ्या पडल्या. मुलाच्या वडिलांनी चपला काढून फोटोला हात जोडले, वहिनीलाही जोडले. ज्या बाईला सून म्हणून पाहायला आले तिला हात जोडल्यावर पुढे काय बोलणार. जिलेबी खाल्ली. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हातारा म्हणाला, "एवढ्या मानाची बाई. आमाले नाई झेपणार जी. लोकं थुंकतीन आमच्यावर."

मी म्हणालो, "तुमची मर्जी."

का केलं, हे मी स्वतःला बरेच वेळा विचारलं आणि दरवेळी मायचं नाव पुढे केलं. मायची नात दुसऱ्याच्या घरी जाईल, माय खचेल. खोटं आहे. पाटाची भीती केव्हाच संपली होती. मला दोन लेकरं होती. खरं एवढंच की अकोल्यात मी फायली सरकवणारा माणूस, साहेब मला आडनावानंही हाक मारत नव्हता. आणि वर्षातून एक सकाळ मी माईकवर उभा राहायचो. वहिनी ओसरीवर नसती तर तिथं एक फोटो आणि एक क्लार्क उरला असता.

वहिनीला वाटलं, दिवस तिच्या भावानं ठरवला. तो म्हणत राहिला, मी नाई, तुह्या दिरानं सांगितला. तिनं ऐकलं नाही. मला एकदाच विचारलं आणि मी म्हणालो, माझ्या लक्षात नाही. तिनं माहेर सोडलं. राखीला जाईना, भाचीच्या लग्नाला गेली नाही. मी दरवर्षी नवी साडी नेत राहिलो.

यंदा जुलैत तिचा फोन आला. ती मला कधीच फोन करत नाही.

"मी औंदा येणार नाई. लगन करून राह्यली मी. थे शाळेत प्रयोगशाळेत कामाले आहेत. मायले तुमीच सांगजा."

मी मायला सांगितलं नाही. सरपंचाला तर नाहीच. यंदा त्यांनी तालुक्याहून कोणी मोठा पाहुणा ठरवला होता. मी एवढंच ठरवलं की यंदापुरतं तरी वहिनीला उभं करायचं, लग्न मग करा म्हणावं. रविवार पाहून बसनं अमरावतीला गेलो. पिशवीत नवी साडी होती. एवढं होऊनही मी साडी घेऊन गेलो, हे इथं लिहिलं पाहिजे.

वसतिगृहामागे दोन खोल्या. दार पुतणीनं उघडलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं मला पाणी विचारलं नाही. आमच्याकडे वैऱ्यालाही पाणी विचारतात.

वहिनी जमिनीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बसा. साडी आणली असन त बाहेरच ठेवा."

मी पिशवी पायाशी ठेवली. म्हटलं, "वहिनी, फक्त यंदा. पाहुणे येऊन राह्यले. मायचंही वय झालं."

"मायले सांगितलं का लगनाचं?"

मी पायाशी ठेवलेली पिशवी सरळ केली.

"नाई सांगितलं," पुतणी म्हणाली. "आई, मी म्हटलं नव्हतं? हे सांगणारच नाहीत."

"तू मधात बोलू नको," मी तिला म्हणालो.

"का नको? फोटोतला माणूस माझा बाप आहे. मला त्याच्याबद्दल काय माहीत आहे? तुमचं भाषण. बाकी तुम्ही मला काही सांगितलंत कधी? त्यांना काय खायला आवडायचं, कोणावर चिडायचे, काही?"

मी म्हणालो, "देशासाठी..."

"गाडी चालवे ना थे," वहिनी म्हणाली. सूप तिनं खाली ठेवलं. "लोकाइच्या पोटात दोन घास जावं म्हणून बर्फात गाडी चालवे. मले त्याचा काय कमी अभिमान हाये? पण तुमाले थे पुरलं नाई. तुमी त्यायले दरसाल नव्यानं मारलं, भाऊजी. अन् मले बाजूले उभी केली, पाहाले."

"मी तुमचा मानच..."

"मान? कुंकवाचा करंडा माह्या तोंडावरून जाये, तवा कुठं गेल्ता तुमचा मान? जिलेबी खाऊन राह्यले होते तुमी." मग जरा खालच्या आवाजात, "जाऊ द्या. तुमाले काय बोलू. माह्या सख्ख्या भावालेच अक्कल नव्हती. त्यानं थो दिवस धरला नसता त माह्या लेकीले बाप भेटला असता. आता लगनाले बलावू का नको त्याले, हेच समजून नाई राह्यलं. पोरगी म्हणते बलाव. मी म्हणते, काहून?"

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मला निघता आलं असतं. साडी घेऊन, येतो म्हणून. खोलीत कोणीच मला काही विचारत नव्हतं.

मी म्हणालो, "दिवस मी सांगितला होता."

वहिनीचे हात थांबले नाहीत. खडा बाजूला, तांदूळ बाजूला.

"त्यानं मला विचारलं होतं कोणता दिवस. मी पंधरा ऑगस्ट म्हटलं. मुद्दाम म्हटलं. ते पाहून परत जातील हे मला माहीत होतं."

"अन् मी इचारलं होतं तुमाले."

"हो. लक्षात नाही म्हणालो."

तिनं सूप एकदा पाखडलं. मला वाटलं रडेल, ओरडेल, सूप फेकून मारेल. त्यातलं काही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं हात पदराला पुसले आणि लेकीला म्हणाली, "मामाले फोन लाव. आवाज मोठा कर."

पुतणीनं फोन लावून माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. तिकडून "हाव, कोण?" आलं. मी माझं नातं सांगितलं. मग तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना वाक्यं जास्त अवघड गेली, कारण आडवाट उरली नव्हती.

पलीकडे गाईगुरांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "माही माय मरतानी तिचं नाव घेत होती. मी फोन नाई केला. म्हटलं, येणार नाई." मग, "तुमी माणूस आहा का जी?"

त्याला उत्तर नको होतं. वहिनीनं फोन उचलला, आवाज कमी केला आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं. आतून तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पुतणीनं माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"आता गावातही सांगा," ती म्हणाली. "माईक तुमच्याच हातात असतो ना."

मायला मी पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी सांगितलं. लग्नाचं ऐकून ती म्हणाली, "उशीर केला तिनं." एवढंच. मी चकित झालो. इतकी वर्षं मी जिचं नाव पुढे करत आलो तिला त्यात काही अडचणच नव्हती.

पंधरा ऑगस्टला मंडप होता, पाहुणे होते, ओसरीवर फोटो होता. मी माईक घेतला. म्हटलं, वहिनी यंदा नाही, यापुढेही नाही, तिचं लग्न ठरलंय. कुजबुज झाली. मग म्हटलं, माझा भाऊ गोळी लागून गेला नाही. तो ड्रायव्हर होता, रेशन पोचवत होता, गाडी दरीत गेली. गोळ्या मी चालवल्या. कोणी हसलं नाही. सरपंचानं माझ्या हातातून माईक हळूच काढून घेतला आणि म्हणाला, भावनेच्या भरात माणूस बोलून जाते. पोरांनी घोषणा दिल्या. जिलेबी वाटली गेली. नेहमीइतकीच खपली.

पण सगळं मी तिथंही बोललो नाही. बार्शीटाकळीच्या पाहुण्यांचं बोललो नाही. पाटाचं तर नाहीच; बायको समोर बायकांत बसली होती. तिला आजही वाटतं की आमच्या लग्नाच्या आड काही आलं नव्हतं. हे छापून आलं तर वाचेल. तिला तोंडानं सांगायला हवं होतं, हे मला समजतं. मी लिहितो आहे.

दुपारी मंडपवाले खांब उपसत होते. माय फोटो पदरानं पुसत ओसरीवर बसली होती. लग्नाला जिची ना नव्हती ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिचं बरं केलं. पण माह्या पोराले काहून खाली उतरोलं? लोकं पाया पडत होते त्याच्या."

"माय, जे खरं..."

"मले खरं ठाऊक होतं. पहिल्या सालीच ठाऊक होतं. तुह्यापासून ऐकाचं नव्हतं." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. मला बोलावणं नव्हतं. वहिनीचा भाऊ गेला होता, हे मला दर्यापूरच्या स्टँडवर तिसऱ्याकडून कळलं. मी पुतणीला फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. नंतर उचलला. मी आईची खुशाली विचारली, ती बरी आहे म्हणाली. मग मी विचारलं, पंधरा ऑगस्टला तुम्ही काय केलं?

"केलं आम्ही आमचं. मामाही आले होते. आता दरवर्षी तेच करणार आहोत."

"काय केलं?"

"सांगणार नाही, काका."

"मला नुसतं माहीत असावं म्हणून. माझाही भाऊच होता तो."

  ती म्हणाली, "नको. सांगितलं तर तुम्ही त्याचा कार्यक्रम कराल."

मी बरं म्हणालो. तिनं फोन ठेवला.